सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी स्टाफला काय लिहिलं ते

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, एवढं काय लिहीत बसतेस स्टाफला, नोटीस काढायची, सह्या घ्यायच्या, झालं. तेव्हा गडबडीत होते म्हणून नीट बोलता आलं नाही, आज रविवार आहे आणि घरात शांतता आहे म्हणून सविस्तर लिहिते. बाबांनी आयुष्यभर कॉलेजचं ऑफिस सांभाळलंय, त्यांना हे सगळं कळेल, आणि आई तू पण वाच, मधे मधे कंटाळा आला तर शेवटी गणपतीचं लिहिलंय.

आमचं इकडचं, अमेरिकेतलं, फॉल सेमिस्टर २५ ऑगस्ट २०२५ ला सुरू होतंय. त्याच्या आधीच्या आठवड्यात इकडे सगळा स्टाफ एकत्र बोलावतात, प्रोफेसरांपासून मेंटेनन्सवाल्यांपर्यंत सगळे, कॉलेजचे प्रेसिडेंट बजेटचं आणि वर्षाचं बोलतात आणि मग माझ्यासारख्या प्रत्येक डीनने, म्हणजे विभागप्रमुखाने, आपापल्या लोकांना वर्षाचं पत्र लिहायचं असतं. माझ्याकडे अ‍ॅडमिशन, फायनान्शियल एड, अ‍ॅडव्हायजिंग आणि रजिस्ट्रेशनची खिडकी, म्हणजे पोरं वर्गात जाऊन बसायच्या आधी जिथे जिथे अडकतात ते सगळं माझ्याकडे. आणि यंदा लोक घाबरलेले आहेत, म्हणून हे पत्र नुसती नोटीस होऊन चालणार नव्हतं.

घाबरायचं कारण सांगते. २००७ साली अमेरिकेत ४३ लाखांवर बाळं जन्मली, त्याआधी कुठल्याच वर्षी एवढी नव्हती जन्मली. मग २००८ ची मंदी आली, लोकांच्या नोकऱ्या गेल्या, घरं गेली, मुलं होऊ द्यायचं लांबणीवर पडलं ते पडलंच, मंदी संपली तरी आकडा परत तिथे गेला नाही, २०२३ ला ३६ लाखांच्या आसपास होता. ती २००७ ची बाळं यंदा अठराची झाली! म्हणजे आत्ता येतेय ती सगळ्यात मोठी बॅच आणि पुढच्या वर्षापासून उतरण. इलिनॉयमधल्या आमच्यासारख्या कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे आसपासच्या लोकांसाठीच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचा, पैसा येतो लोकांच्या घरपट्टीतून, राज्याकडून आणि मुलांच्या फीमधून, त्यामुळे मुलं कमी झाली की सरळ पोटालाच चिमटा. मी हे सगळं पत्रात आकड्यांसकट लिहिलं. काहीजण म्हणाले कशाला उगाच घाबरवायचं, पण मला वाटतं लोकांना कॅन्टीनमध्ये कुजबुजत कळण्यापेक्षा आपल्याकडून कळलेलं बरं.

पण त्याच्याही आधी, अगदी पहिल्या परिच्छेदात, मी दुसरीच गोष्ट लिहिली. खिडकीवर आलेल्या मुलाला दुसऱ्या खिडकीवर पाठवायचं नाही, स्वतः उठून त्याच्याबरोबर जायचं.

हे का, तर इकडे दर उन्हाळ्यात असं होतं की अ‍ॅडमिशन झालेली, जूनमध्ये आनंदाने फोटो काढून गेलेली मुलं ऑगस्टमध्ये येतच नाहीत, त्याला इकडे समर मेल्ट म्हणतात. त्यातल्या बऱ्याच मुलांचं शिकायचं मन बदललेलं नसतं हो बाबा, कुठेतरी एक कागद अडलेला असतो. गेल्या आठवड्यात एक मुलगा आला, गोदामात रात्रपाळी करून थेट, अंगात ते चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट तसंच, डोळे लाल. इकडे पेल ग्रँट म्हणून सरकारी मदत मिळते, यंदा जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर, परत फेडायची नसते, तिच्यासाठी त्याचा फॉर्म पडताळणीला निघाला होता आणि आईवडिलांच्या टॅक्सचा उतारा पाहिजे होता. आधी तो रजिस्ट्रेशनला गेला, त्यांनी फायनान्शियल एडला पाठवलं, तिथे सांगितलं की उतारा इन्कम टॅक्सच्या वेबसाइटवर मिळेल, घरून काढून आण. तो मान हलवून निघाला, आणि त्याच्या चालण्यावरून मला कळलं की हा आता परत येत नाही. आमच्याकडच्या एका बाई, पंचवीसेक वर्षं नोकरी झालेल्या, त्या खुर्चीवरून उठल्या, त्याला हाक मारली, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर त्याच्या शेजारी बसल्या, त्याच्या आईला फोन लावायला सांगितला, आईने तिकडून लॉगिन केलं, कोड सांगितला, पीडीएफ निघाली. अर्धा तास पण नाही लागला. परवा त्याचं नाव वेल्डिंगच्या यादीत बघितलं मी.

मला तेव्हा तुमचं ऑफिस आठवलं. ईबीसीचे, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास मुलांच्या फी सवलतीचे, फॉर्म घेऊन पाटण, जावळीकडची मुलं यायची, उत्पन्नाच्या दाखल्यावर तहसीलचा शिक्का नसायचा नाहीतर नावात काना-मात्रेचा फरक असायचा, आणि दुपारची एसटी चुकली की मुक्कामाची सोय नाही. तुम्ही डबा बाजूला सारून आधी त्यांचं काम करायचात आणि आई घरी चिडायची की डबा तसाच परत आला. मी स्टाफला तुमचं नाव न घेता हे लिहिलं, साताऱ्यातले एक हेडक्लार्क म्हणून.

आता यात एक मोठी अडचण आहे. इकडे खोट्या विद्यार्थ्यांचा सुळसुळाट झालाय. चोरलेल्या नावांनी, कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमने शेकडो अर्ज भरायचे, ऑनलाइन वर्गात जागा अडवायची, ग्रँटचे पैसे खात्यात आले की गायब. कॅलिफोर्नियाच्या कॉलेजांना याचा फार मोठा फटका बसलाय. म्हणून केंद्र सरकारने या जूनमध्ये सांगितलं की पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची ओळख समोरासमोर नाहीतर व्हिडिओवर ओळखपत्र बघून पक्की करायची. पैसा लोकांचा आहे, तपासायलाच पाहिजे, त्यात माझं दुमत नाही. पण जो खरा आहे, आणि खरेच जास्त असतात, त्याला आपण चोर आहोत असं वाटता कामा नये, आणि नवी माणसं तर पहिल्यांदाच कॉलेजच्या दारात उभी असतात, एक तुसडं वाक्य ऐकलं की फिरतात माघारी. म्हणून मी लिहिलं की ओळखपत्र मागताना आधी का मागतोय ते सांगा, त्याच बैठकीत काम पुरं करा, आणि आठवड्यातले दोन दिवस खिडकी संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी राहील, त्या दिवशी मी स्वतः बसणार.

आणखी एक नियम आहे, फर्पा नावाचा १९७४ चा कायदा. काही अपवाद सोडले तर मुलाच्या लेखी परवानगीशिवाय त्याची माहिती कुणाला द्यायची नाही, आईबापांनाही नाही! बाबा, तुमच्याकडे तर वडील येऊन सरळ हजेरी विचारायचे. इकडे आई फोनवर रडत असली तरी मुलगा वर्गात जातो का ते सांगता येत नाही, सुरुवातीला मला फार जड जायचं. यंदा मात्र याच कायद्याचा आधार वाटतोय. आमच्याकडे परदेशातून आलेल्या कुटुंबांची बरीच मुलं आहेत, काहींच्या घरात कागदपत्रांची भीती आहे, आणि जानेवारीपासून शाळा-कॉलेजात इमिग्रेशनवाल्यांनी कारवाई न करण्याचं जुनं सरकारी धोरणही काढून टाकलंय. म्हणून ठळक अक्षरात लिहिलं की बाहेरचं कुणीही, कुठलाही बिल्ला दाखवून, मुलांची माहिती मागायला आलं तर खिडकीवरच्या माणसाने काही सांगायचं नाही, मला बोलवायचं. जबाबदारी माझी.

शेवटी कमवा आणि शिका. इकडेही तशी योजना आहे, वर्क-स्टडी, १९६४ पासूनची, मुलं कॉलेजातच तासावर काम करतात. मी मीटिंगमध्ये कर्मवीर अण्णांचं, भाऊराव पाटलांचं, सांगितलं, की १९४७ मध्ये इकडे ट्रुमन यांच्या कमिशनने गावोगावी कम्युनिटी कॉलेजं काढा म्हणून अहवाल दिला आणि त्याच वर्षी साताऱ्यात शिवाजी कॉलेज निघालं जिथे माझे वडील हाताने काम करून शिकले. लोक खरंच लक्ष देऊन ऐकत होते, नंतर एकजण येऊन अण्णांचं नाव कसं उच्चारायचं ते विचारून गेला. आमच्या वर्क-स्टडीच्या मुलांना यंदा नुसतं झेरॉक्स काढायला न बसवता खिडकीवर नव्या मुलांना मदत करायला बसवणार आहोत, कारण ती आत्ताच त्यातून गेलेली असतात.

आता आत्याच्या नातवाचं, त्याला इकडच्या कॉलेजात प्रवेश मिळालाय पण व्हिसा अडकलाय. मे अखेरीस इकडच्या सरकारने विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या तारखा थांबवल्या होत्या, जून मध्यानंतर सोशल मीडियाची खाती पब्लिक ठेवायच्या अटीवर परत सुरू केल्या, त्यामुळे मुंबईला अजून गर्दी आहे. त्याला म्हणावं रडत बसू नको, एजंटला आणखी पैसे तर मुळीच देऊ नको. ज्या कॉलेजने आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद, दिलाय त्यांच्या इंटरनॅशनल ऑफिसला आजच ईमेल करून जानेवारीच्या सेमिस्टरला ढकलता येईल का विचार, बहुतेक ठिकाणी होतं. मुख्य म्हणजे व्हिसा नसताना हॉस्टेलचे आणि विमानाचे पैसे भरायचे नाहीत.

गणपती २७ ला, म्हणजे आमचा तिसराच दिवस आणि खिडकीवर रांग. मी सकाळी लवकर उठून पूजा करून जाणार, आई, उकडीच्या मोदकांच्या पारीला तांदळाचं पीठ इकडचं कोरडं लागतं, तर पाणी किती वाढवू ते कळव. बाबा, पत्राचा मराठी अर्थ लिहून मी फोटो काढून पाठवते, वाचून सांगा काय राहिलं. आणि तुमच्या वेळी अ‍ॅडमिशनच्या दिवसांत टोकन द्यायचात की नुसती रांग, ते आठवून सांगा, मला शुक्रवारच्या आत ठरवायचंय.

आत्याच्या नातवाला तुमच्या संध्याकाळी सातला फोन करायला सांगा, तेव्हा इकडे सकाळचे साडेआठ असतात, मी गाडीत असते.

तुमची लेक