तुझ्या लेकीला इकडे पाठव

चोडण, गोवा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. लेक रात्र रात्र जागते, 'शिकून तरी काय करू, जग बुडतंयच' म्हणते, हे वाचून गलबललं. तिची भीती हसण्यावारी नेऊ नकोस. ती खरी आहे.

तिला ऑक्टेव्हिया बटलर यांची 'पॅराबल ऑफ द सोअर' दे. कादंबरी 1993ची, गोष्ट सुरू होते 2024मध्ये. पाऊस दुर्मीळ झालेल्या कॅलिफोर्नियात 15 वर्षांची लॉरेन घरातली पुस्तकं पालथी घालते, कुठल्या वनस्पती खाता येतात ते शिकते, पळायची वेळ आलीच तर म्हणून पिशवी भरून ठेवते. मैत्रिणीपाशी बोलते, तर बोभाटा होतो. वडील बजावतात, लोकांना घाबरवू नकोस, शिकव. माझ्या मते सगळ्या पुस्तकात हीच जागा मोलाची. (हिंसा बरीच आहे, आधी तू वाच.)

आमच्याकडे हे शिकवायला खाजन आहे, म्हणजे बांध घालून नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की मानशीची (बांधातल्या पाणदाराची) लाकडी दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ती उघडून नदीत जातं. ना मोटर, ना वीज! पण खेकड्यांनी बांध पोखरला की खारं पाणी शेतात शिरतं. कोरगुट भात खारेपणा सोसतं, तेही काही मर्यादेपर्यंतच. समुद्र वर चढतोय, म्हणजे बांध आणखी जपायला हवेत, आणि ते जाणणारी माणसं म्हातारी झालीत. एक आजोबा बिळात कोपरापर्यंत हात घालून ते आरपार गेलंय का ते बघतात, मग चिकण चिखल ठासून भरतात. शेजारची कॉलेजची पोरं आता त्यांच्या हाताखाली हेच शिकताहेत.

मोलेचं जंगल आठवतं ना? ते वाचवायला 2020च्या टाळेबंदीत इथल्या तरुणांनी चित्रं काढली, पत्रं लिहिली, पुढे नोव्हेंबरमध्ये एका रात्री चांदर गावी रुळांपाशी जमले. मे 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. 'आता तुम्हीच जग वाचवा' असं पोरांना सांगून आपण मोठे मोकळे होतो, त्याचा मात्र मला संताप येतो. त्यांच्या शेजारी चिखलात उतरायला हवं.

मेमध्ये तिला पाठव. पावसाआधी बांधाची डागडुजी असते. जुने कपडे दे, डाग जात नाहीत. रायबंदरच्या धक्क्यावर मी घ्यायला येतो. तूही आलास तर फारच बरं.

तुझाच,
मित्र