उसाचे पाचट रानातच कुजू द्या : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सादर नमस्कार.

ऊसतोड सुरू झाली की सोलापूर जिल्ह्यात माढा, पंढरपूर, माळशिरसच्या शिवारात पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, पेटलेले दिसू लागते. तोडणीनंतर हेक्टरी आठ-दहा टन पाचट रानात उरते. ते जाळले की थोडे पालाश (पोटॅश) राखेत राहते, पण नत्र (नायट्रोजन) आणि सेंद्रिय कर्ब जवळजवळ सगळा हवेत जातो.

शेतकरी हे अज्ञानापोटी करतो, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. पाचट ठेवले की सरीत पाणी पुढे सरकत नाही, उंदीर वाढतात आणि खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस, पिवळा पडतो, ही त्याची तक्रार खरी आहे. पिवळेपणाचे कारण मात्र कुजण्याच्या क्रियेतच आहे. पाचटात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे सुमारे शंभर भाग असतात. ते खाणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला वाढीसाठी लागणारा नत्र त्यातून पुरेसा मिळत नाही, म्हणून ते तो जमिनीतून उचलतात आणि तेवढा काळ उसाला तो कमी पडतो. हे जिवाणू मेले की तोच नत्र पिकाला परत मिळतो. म्हणूनच हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे संवर्धक टाकण्याची शिफारस आहे. असे केलेल्या सरीतले पाचट दोन-तीन महिन्यांनी उचलून पाहावे. वरची पाने कोरडीच असतात. खाली मात्र काळसर, बोटांत चुरणारा ओला थर, त्यात बुरशीचे पांढरे धागे आणि गांडुळांची विष्ठा सापडते. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आणि उजनी धरणाच्या पाण्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणाऱ्या आमच्या भागात ती ओलसुद्धा मोठी कमाई आहे.

अडचण वेळेची आहे. तोड झाली की बुडखे छाटून खोडव्याला लगेच पाणी द्यावे लागते आणि नेमके तेव्हा ना पाचट कुट्टीचे यंत्र भाड्याने मिळते, ना संवर्धक. पाचट जाळणाऱ्याला दंड करण्याचा विचार त्यानंतर व्हावा. आधी गाळप सुरू होण्यापूर्वी संवर्धक गावात पोहोचावे, कुट्टी यंत्रे कारखान्यांच्या तोडणी कार्यक्रमाशी जोडून गटवार फिरवावीत आणि कृषी सहायकांनी पहिल्या पाण्याच्या वेळी बांधावर हजर राहावे, ही विनंती.

आपला,
खोडवा राखणारा एक शेतकरी
जि. सोलापूर