खडकीच्या सेंटर-हाफ काकांना, एका सेंटरच्या आईकडून

तीर्थस्वरूप काकांस,
शि. सा. नमस्कार.

समोर बसून आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि चहाचं विचारता. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. टोरंटोच्या आसपास आता कितीतरी मराठी घरांतली मुलं आइस हॉकी खेळतात. त्यांतल्या एखाद्याच्या वाट्याला आमच्या लेकासारखा हंगाम आला, तर तुम्ही काय केलंत ते त्या घराला कळावं, असंही मनात आहे.

गेल्या वर्षी तो संघाचा पहिला सेंटर होता, म्हणजे मधोमध खेळणारा पहिल्या पसंतीचा खेळाडू. सगळ्यांत जास्त गोल त्याचे, पॉवर प्लेला, म्हणजे समोरचा एखादा खेळाडू शिक्षेवर बाहेर असताना, पहिलं नाव त्याचं. यंदा बॉडीचेकिंग, म्हणजे अंगानं धडक देऊन अडवणं, सुरू झालं. हॉकी कॅनडानं 2013 मध्ये पीवी गटात (अकरा-बारा वर्षांच्या) ते बंद केलं, त्यामुळे मुलांना पहिली खरी धडक बसते ती तेराव्या-चौदाव्या वर्षी. नेमकं त्याच वयात एखाद्या मुलाला मिसरूड फुटलेलं असतं, खांदे बापाएवढे झालेले असतात आणि त्याच्याच बरोबरीचा दुसरा अजून पाचवीतला वाटतो. आमचा हा दुसऱ्यांतला. पक (खेळायची रबरी चकती) घेऊन मधून घुसायचं, दोघांना चकवायचं आणि मान खाली घालून गोलकडे सुटायचं, हा त्याचा हातखंडा होता. ते जमायचं तिथेच आता त्याला आडवा पाडू लागले. दिवाळीपर्यंत पॉवर प्ले गेला, नाताळपर्यंत तो चौथ्या लाइनवर, म्हणजे सगळ्यांत कमी उतरवल्या जाणाऱ्या फळीत आला. आधी म्हणायला लागला, मला विंगवर, म्हणजे कडेला, जायचंय. मग म्हणायला लागला, मला जायचंच नाही.

त्या दिवसांत त्याला सगळे एकच विचारायचे. पुण्याहून आजीचा फोन आला की पहिला प्रश्न, "किती गोल केलेस रे?" शाळेतल्या मित्रांचाही तोच. गाडीत तो कानात इयरफोन घालून खिडकीबाहेर बघत बसायचा. पोर खरंच गुणी आहे, हे आई म्हणून बोलत नाही. त्याचं स्केटिंग बघून अनोळखी पालकही थांबतात. पण गुणी मुलाचा वाईट हंगाम घराला फार जड जातो, कारण "नाहीच जमत त्याला" असं म्हणून सुटकाही होत नाही.

शनिवारी ह्यांची शिफ्ट असते म्हणून तुम्ही सोबत यायला लागलात. अरिनातल्या त्या गार बाकावर गुडघ्यांवर शाल, हातात कॉफी आणि तुमची ती लांबट वही. मला वाटलं, जुन्या माणसाचा छंद. चार-पाच सामन्यांनंतर तुम्ही ती टिम हॉर्टन्स कॉफीशॉपच्या टेबलावर त्याच्यासमोर उघडलीत. गोलसाठी त्यात रकानाच नव्हता. एक रकाना फेसऑफचा, म्हणजे ठिपक्यावर दोघांच्या मध्ये पक टाकून खेळ सुरू करतात त्याचा होता: कोणत्या ठिपक्यावर, समोर कोण, पक कुणाकडे गेला. दुसरा, पक घेण्याआधी खांद्यावरून मागे बघितलं की नाही याचा. तिसरा, आपल्या गोलकडे परतताना तो कितवा पोचला याचा. त्या तिसऱ्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक ओळीत "पहिला" लिहिलेलं होतं. लेकानं ते दोनदा वाचलं. "हे कुणी बघतं?" त्यानं विचारलं. तुम्ही म्हणालात, "मी बघतो ना."

काका, त्या एका वाक्यासाठीच खरं तर हे पत्र आहे.

विंगरला आपली बाजू असते, डिफेन्सला आपला कोपरा असतो, सेंटरला मात्र दोन्ही टोकं सांभाळावी लागतात, हे मला तुमच्याकडून कळलं. आपल्या झोनमध्ये, म्हणजे आपल्या गोलकडच्या भागात, तो तिसरा डिफेन्समनच असतो. कोपऱ्यात झटापट चालू असेल तर खाली जाऊन आधार द्यायचा, पक सुटला की मधून वळत पास घ्यायला उपलब्ध राहायचं, आणि पुढे तो गेला की पुन्हा तेवढंच अंतर उलटं कापायचं. एकदा बर्फावर उतरलं की पंचेचाळीस सेकंदांच्या शिफ्टमध्ये हे सगळं. यातलं बहुतेक काम स्कोअरशीटवर कुठेच उमटत नाही. एनएचएलमध्येसुद्धा, म्हणजे इथल्या सगळ्यांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, फेसऑफची अधिकृत नोंद 1997-98 पासूनची आहे, त्याआधीच्या थोर सेंटरांनी किती फेसऑफ जिंकले याचा तसा हिशेबच नाही, हेही तुम्हीच सांगितलंत.

मग आमच्या गॅरेजमध्ये तुमचा वर्ग भरला. तुम्ही स्टुलावर बसून पक टाकायचात आणि तो वाकून उभा. पकाकडे बघू नकोस, टाकणाऱ्या हाताकडे बघ. समोरच्यानं स्टिकवरचा खालचा हात उलटा धरला असेल तर तो बॅकहँडनं मागे ओढणार, हे आधीच ओळख. समोरचा ताकदीनं जड असेल तर जिंकायच्या भानगडीत पडू नकोस, त्याची स्टिक अडकवून ठेव, पक पायानं मागे सरकव, तुझा विंगर उचलेल. त्याच्यासारख्या अंगानं लहान मुलासाठी हे केवढं मोठं शस्त्र होतं! फेसऑफला आकार लागत नाही, वेळ आणि डोळे लागतात. तो रोज रात्री जेवण झालं की गॅरेजमध्ये जायला लागला. कुणी सांगावं लागलं नाही.

हे सगळं तुम्हाला कुठून आलं ते त्यानं विचारलं, तेव्हा तुम्ही खडकी सांगितलीत. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीतली मैदानं, मातीवरची हॉकी, आणि तुम्ही सेंटर-हाफ. चढाई आणि बचाव यांच्या मधोमध उभं राहणारा माणूस. तुम्ही देश सोडल्यावर बऱ्याच वर्षांनी त्याच खडकीतून धनराज पिल्ले निघाला आणि चार ऑलिंपिक खेळला, हे सांगताना तुमचा आवाज जरा चढला होता. आमच्या लेकाला तोवर हॉकी म्हणजे बर्फच ठाऊक. आता त्याच्या खोलीत धनराजचा एक फोटो आहे, लांब केस उडतायत असा.

आणि 1972! तुम्ही नुकतेच इथे आला होतात, फॅक्टरीत टीव्ही लावला होता, कॅनडा विरुद्ध सोव्हिएत संघ, मॉस्कोतला आठवा सामना, 28 सप्टेंबर. चौतीस सेकंद उरलेले असताना पॉल हेंडरसननं गोल केला. या देशातल्या शाळकरी मुलांनाही हेंडरसनचं नाव माहीत असतं. तुम्ही लेकाला ती जुनी चित्रफीत दाखवलीत आणि गोलच्या आधीच्या क्षणावर थांबवलीत. गोलसमोर पक मारला होता फिल एस्पोसिटोनं. सोव्हिएत गोली (गोलरक्षक) त्रेतियाकनं तो अडवला, सुटलेला पक हेंडरसनला मिळाला. एस्पोसिटो सेंटर. त्या आठ सामन्यांच्या मालिकेत सर्वाधिक गुणही (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) त्याचेच होते. तुम्ही एवढंच सांगितलंत, पुढे काही बोलला नाहीत. लेकानं मात्र ती फीत स्वतः पुन्हा मागे नेली.

त्याला धीर द्यायला मी एकदा म्हटलं, अरे, एनएचएलमधला सेंटर जो थॉर्नटन, त्याचंही असंच झालं होतं. 1997 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, पहिला निवडलेला, बॉस्टनसाठी पहिल्या हंगामात 55 सामने आणि फक्त तीन गोल. तोच पुढे 2006 मध्ये हार्ट ट्रॉफीचा, म्हणजे लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूच्या पुरस्काराचा, मानकरी झाला. हे ऐकून तुम्ही हळूच म्हणालात, "शेवट सांगू नकोस त्याला, मधलं सांग." आणि मग तुम्ही स्टीव्हन स्टॅमकोसचं मधलं सांगितलंत. तोही इथलाच, मार्कमचा. 2008 च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडलेला, टॅम्पा बे संघाचा सेंटर. त्याचा पहिला प्रशिक्षक सोळा सामन्यांत गेला, अर्ध्या हंगामापर्यंत गोल बोटांवर मोजण्याइतके, लोक विचारू लागले की याला घेऊन चूक तर झाली नाही? नव्या प्रशिक्षकानं त्याला काही सामने बाहेर बसवून वरून खेळ बघायला लावला. त्याच संघात गॅरी रॉबर्ट्स होता, कारकिर्दीच्या अगदी शेवटाला आलेला. मानेच्या दुखापतीनं एकदा निवृत्त होऊन शरीर पुन्हा बांधून परत आलेला माणूस. त्या उन्हाळ्यात स्टॅमकोस त्याच्याकडे गेला. काय खायचं, कसं झोपायचं, पाय कसे मजबूत करायचे, सगळं नव्यानं शिकला. पुढच्या हंगामात 51 गोल झाले हे तुम्ही सांगितलंच नाहीत. ते लेकानं स्वतः शोधून काढलं आणि धावत येऊन मला सांगितलं.

मला तुमची ही रीत फार आवडली, काका. "तूही स्टॅमकोस होशील" असं तुम्ही त्याला एकदाही म्हणाला नाहीत. त्याला खोटं वाटेल असं एकही वाक्य तुमच्या तोंडून गेलं नाही. वाईट खेळला त्या दिवशी वहीत तसं लिहिलेलं असायचं, अगदी स्पष्ट: "तिसऱ्या पिरियडमध्ये मान वर नव्हती." चौदा वर्षांच्या मुलाला कौतुक लगेच खोटं वाटतं. त्यानं तुमच्या वहीवर विश्वास ठेवला, कारण तिच्यात दोन्ही होतं.

हंगाम सुधारला असं मी लिहू शकत नाही. गोल फारसे वाढले नाहीत. संघ प्लेऑफला पोचला नाही. चौथ्या लाइनवरून तो तिसऱ्या लाइनवर आला, एवढंच कागदावर दिसेल. पण फेब्रुवारीपासून आपल्या झोनमध्ये फेसऑफ असला की त्याचं नाव पुकारलं जाऊ लागलं. शेवटच्या सामन्यात एका गोलची आघाडी होती, मिनिटभर उरलं होतं, समोरच्यांनी गोली काढून सहावा खेळाडू उतरवला होता, आणि ठिपका आमच्या गोलच्या डावीकडे. त्याला पाठवलं. समोरचा मुलगा त्याच्यापेक्षा डोक्यानं उंच. तो फेसऑफ त्यानं जिंकला म्हणणं बरोबर नाही, त्यानं स्टिक अडकवली, पायानं पक मागे सरकवला आणि डिफेन्सनं तो भिंतीच्या कडेनं झोनबाहेर काढला. तुमच्या गॅरेजमधला तिसरा धडा. बेंचवरची सगळी मुलं फळीवर स्टिका आपटत होती. माझ्या शेजारच्या बाईंना काय झालं ते कळलंही नाही. तुम्ही वहीत लिहीत होतात आणि तुमचा चष्मा ओला झाला होता.

त्या रात्री आजीचा फोन आला तेव्हा त्यानं तिला वीस मिनिटं फेसऑफ म्हणजे काय ते समजावलं. आता ती विचारते, "ठिपक्यावर काय झालं रे?"

काका, तुम्ही त्याचे प्रशिक्षक नव्हतात, नातेवाईक नव्हतात. गुडघे दुखत असताना तुम्ही उणे पंधरा तापमानात सकाळी सहाच्या सरावाला आलात. त्या मुलाला कुणी नीट बघत नव्हतं तेव्हा तुम्ही बघितलंत, आणि जे बघितलंत ते त्याला दाखवलंत. त्याला खेळ सोडू न दिल्याबद्दल मी आभारी आहेच. त्याहून जास्त आभारी आहे ती गाडीतल्या गप्पांबद्दल. परतीच्या वाटेवर आता तो बोलतो, समोरच्या संघाचा सेंटर कसा उभा राहत होता ते हातवारे करून सांगतो, आणि घर येतं तरी त्याचं संपत नाही.

ट्रायआउट, म्हणजे पुढच्या हंगामाच्या निवड चाचण्या, वसंतात आहेत. वेळापत्रक आलं की कळवते. तुमची वही भरत आलीय असं तो म्हणत होता, म्हणून त्यानं स्वतःच्या पैशानं नवी आणलीय आणि रकाने स्वतः आखलेत. एक चौथा रकानाही काढलाय, तो कशाचा ते तुम्हालाच सांगणार म्हणतो. शनिवारी जेवायलाच या. काकूंनाही आणा, भरली वांगी करते.

तुमची,
सेंटरची आई
मिसिसागा