शिक्षणमंत्र्यांस खुले पत्र: इंटर्नला साइटवर जाऊ द्या

मा. शिक्षणमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मी वास्तुविशारद आहे आणि आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना शिकवतेही. आता सगळे कॉम्प्युटरवर शिकता येते, मग इंटर्नशिपमध्ये एवढे महिने कशाला घालवायचे, असे अधूनमधून कानावर येते. म्हणून हे पत्र.

माझ्या इंटर्नशिपचा तिसरा महिना होता. स्लॅबचे सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा फळ्यांचा साचा, झाले होते, सळया बांधून झाल्या होत्या, दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडणार होते. प्लंबर माझे ड्रॉइंग घेऊन आला आणि त्याने विचारले, "मॅडम, हा पाइप बीममधून न्यायचा का?" टॉयलेटचा ११० मिमीचा पाइप मी जिथे दाखवला होता, नेमका तिथेच बीम होता. टॉयलेटचा नकाशा माझा, बीमचा नकाशा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहायचे मला सुचलेच नव्हते. माझे वरिष्ठ रागावले नाहीत. त्यांनी माझ्या हातात टेप दिला आणि तिथेच, सेंटरिंगच्या फळ्यांवर बसून, पाइपची नवी जागा शोधायला लावली. कमोड किती सरकेल, मग दरवाजा पूर्ण उघडेल का, उतार पुरेसा मिळेल का, हे सगळे मापून झाल्यावर प्लंबरने योग्य जागी स्लीव्ह, म्हणजे पाइपसाठी जागा राखणारी नळी, बसवली. दीड तास लागला. हीच चूक काँक्रीट पडल्यावर कळली असती, तर बीमला हात लावायची वेळ आली असती.

कॉलेजात त्याच ड्रॉइंगला मला चांगले गुण मिळाले असते. तिथे ड्रॉइंग परीक्षकांसमोर भिंतीवर लागते. ते हातात घेऊन प्रश्न विचारायला प्लंबर येत नाही. तेव्हापासून बीमचा नकाशा माझ्या ड्रॉइंगखाली ठेवून पाहिल्याशिवाय मी एकही टॉयलेट काढलेले नाही.

हा व्यवसाय पूर्वीपासून असाच, कुणाच्या तरी हाताखाली शिकला गेला आहे. १९१० च्या आसपासच्या काही वर्षांत ग्रोपियस, मीस व्हॅन डर रोह आणि ल कॉर्बुझिए या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या तिन्ही वास्तुविशारदांनी बर्लिनजवळ पीटर बेरेन्स या वास्तुविशारदाच्या कार्यालयात काम केले. पुढे आपले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्याकडे गेले, १९५१ ते १९५४ तिथे राहिले आणि परतल्यावर त्यांच्याच अहमदाबादमधल्या इमारतींच्या बांधकामावर देखरेख केली. दोशींना २०१८ मध्ये वास्तुकलेतले सर्वोच्च मानले जाणारे प्रित्झकर पारितोषिक मिळाले.

अमेरिकेत परवान्यासाठी प्रत्यक्ष अनुभवाचे ३,७४० तास नोंदवावे लागतात. त्यांची विभागणी मला फार बोलकी वाटते. नियोजन आणि डिझाइनसाठी १,०८० तास, तर तपशीलवार ड्रॉइंग आणि बांधकामाच्या कागदपत्रांसाठी १,५२० तास. शिवाय बांधकामाच्या टप्प्यासाठी ३६० तास वेगळे राखलेले. कॉलेजात आम्ही बहुतेक वेळ डिझाइनवर घालवतो आणि माझा पाइप चुकला तो तपशिलात. इंटर्नशिप भरून काढते ती हीच उणीव.

पण भरून काढते ती नीट झाली तर. माझ्या एका विद्यार्थिनीने इंटर्नशिपचा जवळजवळ सगळा काळ थ्रीडी व्ह्यूमध्ये झाडे आणि माणसे बसवण्यात काढला. साइट तिने एकदाही पाहिली नाही, स्टायपेंडही मिळाला नाही. अनुभवाचे प्रमाणपत्र मात्र मिळाले. दुसरा एक विद्यार्थी हुशार होता, पण बिनपगारी राहणे घरच्यांना झेपणारे नव्हते. त्याने हवे असलेले कार्यालय सोडले आणि जिथे थोडे पैसे मिळतील तिथे गेला. कुठे शिकायचे हे त्याच्या गुणांवरून ठरायला हवे होते, ते घरच्या परिस्थितीवरून ठरले. याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून दोन गोष्टी नियमात आणाव्यात, अशी विनंती आहे. पहिली, स्टायपेंड सक्तीचा करा. ब्रिटनमधली वास्तुविशारदांची संस्था, रिबा, तिच्याकडे नोंदणी असलेल्या कार्यालयांना विद्यार्थ्यांना किमान वेतन द्यायला लावते. दोन-तीन माणसांच्या छोट्या कार्यालयांना हे जड जाईल, याची मला कल्पना आहे. मी स्वतः असे कार्यालय चालवते. पण अनेकदा सर्वांत चांगले शिकायला मिळते ते अशाच ठिकाणी, त्यामुळे त्यांच्या इंटर्नच्या स्टायपेंडचा काही वाटा सरकारने उचलावा.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. दर आठवड्याला किमान एक दिवस साइटवर, हे प्रत्येक इंटर्नशिपच्या करारात लिहिलेले असावे. त्या दिवशी काय पाहिले, गवंड्याने किंवा प्लंबरने काय विचारले, ड्रॉइंगमध्ये काय बदलावे लागले, याची नोंदवही विद्यार्थ्याने ठेवावी. वरिष्ठ वास्तुविशारदाने ती वाचून सही करावी आणि कॉलेजने गुण त्या वहीवर द्यावेत, प्रमाणपत्रावर नव्हे.

हा नियम करताना काही वह्या आपल्याला पाहायच्या असतील, तर माझ्या विद्यार्थ्यांच्या घेऊन मी स्वतः येईन.

आपली नम्र,
एक वास्तुविशारद आणि शिक्षिका