मोशे, अखेनातेन आणि रात्रीचे सिंह

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत, ज्यूंचा धर्मसंस्थापक मोशे (मोझेस) याने एकेश्वरवाद थेट अखेनातेनकडून, म्हणजे आतेन या एकाच सूर्यदेवाला मानणाऱ्या इजिप्तच्या राजाकडून, उचलला, असे छातीठोकपणे लिहिलेले वाचले. आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे गप्प बसवेना.

साम्य आहे, ते मलाही मान्य. अमार्नाला, म्हणजे अखेनातेनच्या राजधानीच्या जागी, आय या त्याच्या दरबाऱ्याच्या कबरीत कोरलेले आतेनचे महास्तोत्र आणि बायबलमधील १०४वे स्तोत्र मी वहीत समोरासमोर उतरवून घेतले आहे. दोन्हींत अंधार पडला की सिंह बाहेर पडतात, उजाडले की माणसे कामाला लागतात. पण जरा थांबून वाचा. इजिप्तच्या स्तोत्रात आतेन मावळला की जग मेल्यागत होते. सिंह गुहेतून निघतो, साप डसतात. देव दिसेनासा झाला म्हणून रात्र. हिब्रू कवी म्हणतो, अंधार तूच करतोस, आणि सिंहाचे छावे देवाकडेच अन्न मागतात! सूर्य तिथे नुसता चाकर, आपली मावळायची वेळ जाणणारा. इजिप्तच्या प्रतिमा या कवीच्या कानी आल्याही असतील. आतेनची शिकवण मात्र त्याने घेतलेली नाही.

मधला काळ तर लेखात नाहीच. अखेनातेन इ.स.पू. १३३६च्या सुमारास गेला. थोड्याच वर्षांत त्याची राजधानी ओस पडली, पुढे नावही खोडले गेले. सिनाईतल्या कुंतिलेत अज्रुदला इ.स.पू. ८००च्या आसपासचे लेख सापडले, त्यांत हिब्रूंचा देव यहोवा याच्याबरोबर ‘त्याच्या अशेरे’च्या (अशेरा ही एक देवी) नावानेही आशीर्वाद दिला आहे. दुसरा देवच नाही, हे इतके स्वच्छ येते ते बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथाच्या ४५व्या अध्यायात, ज्यूंच्या बाबेलमधील बंदिवासाच्या सुमारास, इ.स.पू. सहाव्या शतकात. म्हणजे अखेनातेननंतर सुमारे ८०० वर्षांनी.

खरी देवघेव पाहायची तर बायबलमधले ‘नीतिसूत्रे’ हे पुस्तक उघडावे. त्यातला २२व्या अध्यायापासूनचा भाग आमेनेमोपे या इजिप्शियन लेखकाच्या उपदेशाशी कितीतरी ठिकाणी जुळतो, हे जर्मन इजिप्ततज्ज्ञ आडोल्फ एर्मानने १९२४ साली दाखवले. शेताची हद्द सरकवू नकोस, हे दोघेही बजावतात. २२:२० मधल्या एका हिब्रू शब्दाचा अर्थ नीट लागत नव्हता. तो ‘तीस’ असा वाचला की ओळ सरळ होते, आणि आमेनेमोपेचे अध्याय बरोबर ३० आहेत. मोशेवर एवढी जागा खर्च करताना यावर चार ओळी तरी यायला हव्या होत्या.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका