रेवास पत्र: वाईट दिवसाच्या मापाने

इंदूर

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

तुझं व्यायामाचं वेळापत्रक नीट वाचलं. आठवड्याचे सहा दिवस, रोज सव्वा तास, पहाटे साडेपाचला. हे तुझ्या सगळ्यात चांगल्या दिवसाच्या मापाने शिवलंय, आणि असे दिवस आठवड्यात दोनच येतात. सबमिशन, सर्दी-ताप, पाळी, यातलं काहीही आलं की ते उसवणार. म्हणून ते वाईट दिवसाचं माप घेऊन नव्याने बेततेय.

सोमवार, बुधवार, शुक्रवारी ताकदीचा व्यायाम, पस्तीस मिनिटं. फॅकल्टीतून आल्यावर, पलंगाला पाठ टेकायच्या आधी. एकदा टेकली की उठणं होत नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवारी बडोद्याच्या कमाटी बागेत अर्धा तास भरभर चालायचं, इतकं की बोलता यावं पण गाता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं असे मध्यम श्रम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. उरलेला तास फॅकल्टीला झपाझप पायी जाण्यायेण्यात निघेल.

ताकदीचे पाच प्रकार पुरेत. आधी बैठका. आखाड्यातल्या बैठकेत खाली जाताना टाचा उचलतात, पण ती पुढची पायरी. तू टाचा जमिनीवर ठेव आणि मागे खुर्ची आहे असं समजून खाली जा. गुडघे आत वळू लागले तर वेग कमी कर आणि गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेत ठेव. मग जोर, पण जमिनीवर नाही, भिंतीला टेकवलेल्या टेबलाच्या कडेवर हात ठेवून. बारा नीट निघाले की पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर. जमिनीवरून सुरुवात केली की कंबर खाली झोल खाते आणि दुखणं पाठीला येतं. तिसरा प्रकार, एक हात पलंगावर टेकून दुसऱ्याने सॅक कमरेकडे ओढायची. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भर, एक लिटरची भरलेली बाटली म्हणजे एक किलो. चारपासून सुरू कर. चौथा, उताणं झोपून, पाय दुमडून कंबर वर उचलणं. शेवटी प्लँक, म्हणजे कोपर आणि चवड्यांवर अंग सरळ ताठ धरणं, वीस सेकंद.

प्रत्येकाचे दोन सेट, आठ-आठ वेळा (प्लँक मात्र सेकंदांवर), मध्ये दीड मिनिट विश्रांती. दर आठवड्याला एकेक वाढवत बारापर्यंत जा. बारा झाले की सॅकेत एक बाटली वाढवून पुन्हा आठवर ये. सेट संपताना अजून दोन निघाले असते असं वाटलं पाहिजे. रोज अगदी दम संपेपर्यंत करणारे महिन्याभरात सोडून देतात.

तिसरा आठवडा जपून, फरक दिसत नाही म्हणून तेव्हा सोडावंसं वाटतं. सुरुवातीची ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतू स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात म्हणून. आरशात फरक दिसायला दीड-दोन महिने जातात. वजनकाट्याच्या नादी लागू नकोस, पाळीच्या आसपास अंगात पाणी धरून एखाद-दोन किलो सहज वर जातं. वहीत जोर किती आणि बाटल्या किती, एवढंच लिही.

वाईट दिवसासाठी ठरवून ठेव: सहा सूर्यनमस्कार, चारेक मिनिटांचं काम. अंगात ताप नसेल तर ते व्हायलाच हवेत. एखादा दिवस पूर्ण बुडाला तर बुडू दे, पण लागोपाठ दोन नकोत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना नवी सवय लावून घेताना पाहिलं. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादी खेप चुकल्याने फारसं बिघडलं नाही. बुडालेला व्यायाम दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढू नकोस मात्र. एकदम जास्त केलं की स्नायू दुखतात, ते दुखणं २४ ते ७२ तासांत भरात येतं आणि पुढची खेपही बुडवतं.

तापात व्यायाम अजिबात नाही. ताप उतरून दोन दिवस झाले की निम्म्यापासून सुरू कर. परीक्षेमुळे दोन आठवडे खंड पडला तर एक बाटली आणि एक सेट कमी कर. दम आधी उतरतो, ताकद जास्त टिकते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

नवरात्रीत बडोद्यात राहून गरबा चुकवू नकोस. दोन-तीन तासांचा गरबा हेच चालणं धर, ताकदीचे दोन दिवस एकेक सेट कर. पण अनवाणी नाचून पोटऱ्या आणि टाचा धरतात, म्हणून महिनाभर आधीपासून चवड्यांवर उभं राहणं, पंधराचे दोन सेट, रोज. एप्रिल-मे मध्ये चालणं सकाळी सातच्या आत उरक.

मेसचं वरण पातळ असतं, त्यावर विसंबू नकोस. तुझ्या ५४ किलोला ताकदीच्या व्यायामासोबत दिवसाला ६० ते ६५ ग्रॅम प्रथिनं हवीत. पावशेर दुधात आठ, मूठभर शेंगदाण्यांत सात, पन्नास ग्रॅम कोरडे हरभरे भिजवून उकडले की दहा. शेवउसळीतली उसळ चांगलीच, तेलकट रस्सा आणि शेव तेवढी कमी घे.

आणि जोडीदारीण शोध. व्यायामगुरू प्रो. माणिकरावांनी तुझ्याच गावात, बडोद्यात, जुम्मादादा व्यायामशाळेतून संघव्यायाम, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचा व्यायाम, पसरवला. चार जणी वाट बघत असल्या की पाय आपोआप निघतात. चालायच्या तीन दिवसांसाठी तरी तुझ्या रूममेटला विचार.

वही सोबत पाठवतेय, पानं आखलेली आहेत. पहिल्या सोमवारी टेबलावरचे जोर किती निघाले ते कळव.

तुझी,
आई