मंगळवारी ये, रविवारी नको

जेलरोड, नाशिकरोड
रविवार, 8 फेब्रुवारी 2026

प्रिय विज्या,

तुझा मेसेज चार दिवस तसाच पडून होता. "सिन्नररोडला प्लॉट बघतोय, घेऊ का ते हो किंवा नाही सांग" असं तू विचारलंस. पण हे एका शब्दात उरकण्यासारखं नाही, म्हणून आज जेवण झाल्यावर कागद घेऊन बसलोय. हसू नकोस. शाळेत निबंधाला तुझ्यापेक्षा मलाच जास्त मार्क पडायचे.

एजंटने तुला रविवारी दुपारी आणलं असणार. सगळे रविवारी दुपारीच आणतात. बिटको चौक मोकळा, चेहेडीच्या पुलावर वारा, पळसे-शिंदे कधी गेलं कळत नाही आणि मोहदरी घाट चढताना वाटतं, वा, काय प्रदेश आहे! त्याच्या बोर्डावर "समृद्धी महामार्ग अमुक मिनिटे, नाशिकरोड स्टेशन तमुक मिनिटे" असं लिहिलेलं असतं. ही मिनिटं बहुतेक रात्री दोन वाजता मोजत असावेत.

आता माझं ऐक. मी 2012 पासून माळेगावला जातो. (माळेगाव म्हणजे सिन्नरच्या एमआयडीसीचं. मागच्या वेळी तू काकूंना मालेगाव सांगितलंस आणि त्या मनमाडपलीकडची चौकशी करत बसल्या.) कंपनीची बस बिटकोवरून सकाळी 6.10 ला सुटते. खिडकीची जागा माझी ठरलेली आहे, त्यामुळे तेरा-चौदा वर्षं एकच गोष्ट बघतोय. आम्ही घाट चढत असतो, तेव्हा समोरून तशाच पांढऱ्या बसा उतरत असतात. त्यांत सिन्नरची पोरं असतात, ती निघालेली असतात अंबड-सातपूरला. आम्ही नाशिकचे सिन्नरला आणि सिन्नरचे नाशिकला. तिकडचा फिटर इकडे, इकडचा तिकडे. एकदा दोन्ही बसा घाटात मुंगीच्या गतीने सरकत होत्या. समोरच्या बसमध्ये माझ्यासारखाच एक टक्कल पडलेला माणूस खिडकीला डोकं टेकून झोपला होता. मनात आलं, याला उठवावं आणि म्हणावं, बाबा, आपण नोकऱ्या बदलून घेऊ, दोघंही तासभर जास्त झोपू.

पण तसं होत नाही. का होत नाही, ते आमच्या घराचंच सांगतो. आमची चूक आम्हीच केली, दुसऱ्या कुणाला बोल लावता येत नाही. 2009 ला मी सातपूरला होतो. वैशालीला सातपूरच्याच एका शाळेत नोकरी मिळाली तेव्हा आम्ही पेढे वाटले, कारण एकाच गाडीवर जायचं, एकाच गाडीवर यायचं. तीन वर्षं खरंच तसं झालं. मग कंपनीने जागा अपुरी पडते म्हणून सगळं माळेगावला हलवलं. वैशालीची नोकरी तोवर कायम झालेली. घराचे हप्ते निम्मे फिटलेले. आई-बाबांचा दवाखाना, देऊळ, भाजीवाली सगळं जेलरोडला. घर हलवायचं तर कुठे? सिन्नरला गेलो तर वैशालीचे हाल, सातपूरला गेलो तर माझे. तेव्हा आहे तिथेच राहिलो. आता अथर्व कॉलेजात गेला, तर त्याचं कॉलेज आडगावच्या बाजूला. तो दसकच्या पुलावरून नांदूरनाक्याकडे. वैशाली द्वारका, मुंबईनाका, त्र्यंबकनाका करत सातपूरला. मी घाटात. एका घराची तोंडं तीन दिशांना.

परवा गंमत म्हणून हिशोब मांडला. माझे जाऊन-येऊन 44 किलोमीटर, वैशालीचे 30, अथर्वचे 20. रोजचे 94. आणि बाबा? ते प्रेसला, म्हणजे इथल्या सरकारी छापखान्यात, सायकलवर जायचे. भोंगा झाला की टांग मारायची, दोन किलोमीटर जायचं, संध्याकाळी दोन यायचं. घरातून कामासाठी बाहेर पडणारे तेवढेच. तेव्हा आम्ही घरात सहा जण होतो. आता पाच आहोत. माणूस एक कमी झाला आणि अंतर 4 वरून 94 वर गेलं. पेपरात "वाढत्या लोकसंख्येमुळे वाहतूककोंडी" असं छापून येतं ना, तेव्हा मला आमच्या घराचा हा आकडा आठवतो.

लोकसंख्या वाढली नाही असं मी म्हणत नाही. महापालिका हद्दीत 1991 ला 6.57 लाख माणसं होती, 2001 ला 10.77 लाख, 2011 ला 14.86 लाख. त्यानंतर मोजणीच नाही. 2021 ची राहिली, ती आता 2027 ला होणार. आणि जनगणना मोजते ती माणूस राहतो कुठे ते. शिंदे-पळशाला नवी रो-हाऊसं झालीत, त्यांतला माणूस ग्रामपंचायतीच्या यादीत येणार. तो दिवसभर असतो मात्र अंबडला, त्याची गाडी द्वारकेला, त्याचा पोरगा नाशिकरोडच्या शाळेत. त्याच्यासाठी रस्ता कुणी करायचा? ग्रामपंचायत म्हणते आमची ऐपत नाही, शहर म्हणतं आमच्या हद्दीत नाही. महानगर प्राधिकरण नावाचं एक कार्यालय स्थापन झालेलं आहे, त्याचा बोर्ड मी पाहिलाय.

पूर्वी कामाच्या जागेशेजारी घरं बांधायची रीत होती, हे तुला मी सांगायला नको. तू स्वतः एकलहऱ्याच्या क्वार्टरमध्ये वाढलास. काका वीजकेंद्रातून दुपारी जेवायला घरी यायचे, आठवतं? काकू पोळी तव्यावर टाकायच्या ती केंद्राच्या धुराच्या चिमणीकडे बघून. नेहरूनगरला प्रेसवाल्यांची क्वार्टर्स, ओझरला एचएएलची आख्खी टाऊनशिप. आणि सिडको! आपण सिडकोच्या एका खोलीच्या घरांना किती नावं ठेवली, पण अंबडच्या कामगाराला अंबडला चालत जाता येईल अशा जागी सहा योजना उभ्या केल्या होत्या त्यांनी. माळेगावला इतके कारखाने आले, त्यांच्याजवळ तसं काही झालं नाही. जमीन कारखान्यांना मिळाली, माणसांनी आपापलं बघावं. त्यांनी ते बघितलं, म्हणून घाट भरला.

बसा वाढवा म्हणशील. शहर बस पूर्वी एसटी चालवायची, 2021 च्या जुलैपासून महापालिकेची आहे, सिन्नर-त्र्यंबकपर्यंत जाते. सकाळी तिच्यात चढून दाखव, मी चहा पाजतो. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या टायरवाल्या मेट्रोला, मेट्रो निओला, 2092 कोटी जाहीर झाले. वैशालीच्या शाळेत तिच्यावर चित्रकला स्पर्धा झाली होती. बक्षीस मिळालेला मुलगा आता दहावीत आहे आणि मेट्रो अजून चित्रातच. मला हसू येतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. याच गावात 1889 साली घोड्यांची ट्राम सुरू झाली होती, जुन्या नाशकातून नाशिकरोड स्टेशनपर्यंत. स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब पडलं, तर लोकांना ने-आण करायला काहीतरी हवं, एवढं त्या काळात सुचलं होतं.

मी एकदा कंपनीत सुचवलं की आपली पाळी सातऐवजी साडेसातला करू, सगळ्या कंपन्यांचं एकदम सुटणं-भरणं टळेल. मॅनेजर भला माणूस. त्याने बसच्या ठेकेदाराला बोलावलं. ठेकेदार म्हणाला, साहेब, हीच बस तुम्हाला सोडून परत जाऊन शाळेची पोरं घेते. तुम्ही अर्धा तास सरकलात तर पोरांची प्रार्थना चुकेल. विषय संपला. पोरं चारशे, आम्ही पन्नास.

आणि एक. तू फॅमिली घेऊन येशील, गाडी स्वतः चालवशील, तेव्हा हायवेवर उलट्या बाजूने मोटरसायली येतील आणि तू पुण्याच्या सवयीने शिव्या देशील. आमच्या स्टोअरमध्ये शिंदे गावचा एक जण आहे. त्याचं घर रस्त्याच्या अलीकडे, उसाचं रान पलीकडे. पूर्वी बैलगाडी आडवी घालून पाच मिनिटांत जायचा. चौपदरी झाल्यावर मध्ये दुभाजक आला, पलीकडे जायची वाट लांब पडली. रीतसर जायचं तर चार किलोमीटरचा फेरा. रात्री पाणी धरायला जाणारा माणूस फेरा मारत नाही. तो उलटाच येतो, लाइट बंद ठेवून. मी त्याला बोललो, तर म्हणाला, "रस्ता तुमच्यासाठी रुंद केलाय भाऊ, आमच्यासाठी तो नदी झालाय." मला उत्तर सुचलं नाही.

आता तुझा बेत. आठवड्यातून दोनदा हिंजवडी, बाकी घरून काम. सिन्नर ते चाकण गाडी पळते, नारायणगाव आणि खेडचे बाह्यवळण झाल्यापासून तर फारच. दीडशे किलोमीटर तू गाणी म्हणत जाशील. आणि चाकणला थांबशील. तिथून मोशी-भोसरीपर्यंत काय होतं, ते तूच मला फोनवर ओरडून सांगत असतोस. त्याच त्रासाला कंटाळून तू इकडे येणार आणि त्याच चौकात पलीकडच्या बाजूने येऊन उभा राहणार. पुणे-नाशिक रेल्वेच्या भरवशावर राहू नकोस. खोडदच्या महादुर्बिणीपाशी तिचं घोडं अडलं आणि आता मार्गच बदलायचं चाललंय. समृद्धी मात्र झाली पूर्ण, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा तुकडा मागच्या जूनमध्ये खुला झाला. तुला मुंबईला जायचं असतं तर वेगळी गोष्ट होती. पण तुला मुंबईला जायचंच नाही!

शिवाय हे वर्ष कुंभाच्या तयारीचं. ऑक्टोबरअखेर ध्वजारोहण आहे, तोवर आणि त्यानंतरही अर्धं नाशिक खणलेलं. वैशालीला परवा द्वारकेवरून मुंबईनाक्याला यायला पस्तीस मिनिटं लागली. वर उड्डाणपूल मोकळा. 2013 साली तो झाला तेव्हा आपण दोघं मुद्दाम बाइकवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो होतो, आठवतं? सहा किलोमीटर, एकही सिग्नल नाही. तेव्हा लक्षात आलं नाही की तो गावाच्या वरून जाणाऱ्यांसाठी आहे. आपलं काम खाली असतं.

तू येऊ नकोस असं मी लिहीत नाहीये, गैरसमज करून घेऊ नकोस. तू परत यावंस ही माझी दहा वर्षांची इच्छा आहे आणि आई तर दर दिवाळीला विचारते. फक्त प्लॉट बघून जागा ठरवू नकोस. सुनीतावहिनी नोकरी करणार का, कुठे करणार, धनश्रीला कुठल्या शाळेत घालणार, काका-काकूंना डॉक्टर कुठला, हे आधी कागदावर मांड. मग त्या तिघाचौघांच्या मधली जागा शोध. आम्ही ते केलं नाही. मला विचारशील तर उपनगर-गांधीनगरच्या बाजूला जुना टू बीएचके बघ. एजंटला त्यात रस नसेल, प्लॉटपेक्षा सुटतं कमी. पण तिथून सगळंच थोडं थोडं लांब आहे, एकदम लांब काहीच नाही.

आणि ठरवायच्या आधी एकदा मंगळवारी ये. सोमवारी संध्याकाळी आमच्याकडे मुक्कामाला, वैशाली मांडे करणार नाही पण पिठलं-भाकरी नक्की. सकाळी तुला माझ्याबरोबर कंपनीच्या बसने नेतो, ड्रायव्हरशी बोलून ठेवलंय. माळेगावच्या फाट्यावर उतर, तुझा प्लॉट सकाळी सातला बघ आणि मग परतीला मिळेल त्या गाडीने नाशिकला ये. किती वाजता पोचलास ते मला सांग.

6.10 ला बिटकोवर. झोपून राहिलास तर बस थांबणार नाही, शाळेची पोरं वाट बघत असतात. येताना चितळ्यांची बाकरवडी आण, आईसाठी कमी तिखट काहीतरी.

काका-काकूंना नमस्कार, धनश्रीला आशीर्वाद.

तुझा,
सुध्या